पत्त्यावर पोचलेले आभार

श्रीधर परचुरे यांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'थँक यू' म्हटल्याचं नारायण पेठेत कुणाला आठवत नव्हतं. आभार ही गोष्ट कार्यक्रम संपत आल्यावर, लोक चपला शोधायला लागले की चिटणिसांनी उरकायची असते, असं त्यांचं मत. घरच्यांचे आभार मानणं म्हणजे त्यांना परकं करणं. परक्यांचे मानावेत, तर त्यांनी काम धड केलेलं असावं लागतं. ते सहसा नसतं. चिंचवडच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. समोर आलेल्या सुट्या भागातली खोट शोधायची, लाल खूण करायची आणि तो भाग परत पाठवायचा. निवृत्तीनंतरही डोळ्याची सवय गेली नाही. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याची चटणी, शेजाऱ्यांनी लावलेली गाडी, पदपथावरच्या नव्या फरशा, सगळ्यांवर मनातल्या मनात लाल खुणा होत राहिल्या.

अशा माणसाचं हृदय जानेवारीतल्या एका सकाळी भर मंडईत बंद पडलं.

त्यांना स्वतःला आठवत होतं ते एवढंच, की ते वांगी निवडत होते. एक वांगं उलटं करून किडीचं भोक आहे का ते पाहत होते. मग घशाशी काहीतरी दाटून आलं. त्यानंतर थेट दवाखान्याचं छत दिसलं आणि उशाशी कुठल्याशा यंत्राची पिकपिक ऐकू आली. रक्तवाहिनीत स्टेंट बसवून झाला होता. छातीत डाव्या बाजूला मात्र श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं होत होतं.

"बरगडी मोडलीये, बाबा," सून उत्कर्षा म्हणाली. "भरून येईल."

"कुणी मोडली?"

उत्कर्षानं पाण्याचा पेला पुढे केला. "होतं असं कधीकधी. घ्या, घोट घोट प्या."

हे काही उत्तर नव्हे, हे श्रीधररावांनी ओळखलं. तर्क त्यांनी स्वतःच लढवला: स्ट्रेचरवरून नेताना आपल्याला कुणीतरी आपटलं असणार. हल्ली कुणाचं कामात लक्ष असतं? बरे झालो की याचा छडा लावायचा, असं त्यांनी पडल्या पडल्या ठरवलं.

पण घरी आल्यावर छडा लावण्याइतका जोर अंगात राहिला नाही. मुलगा दत्तप्रसाद कामासाठी चेन्नईत होता. तो येऊन, राहून परत गेला. उत्कर्षा घरूनच ऑफिस करी. औषधं वेळेवर, जेवण बिनतेलाचं, सगळं शिस्तीत चाललं होतं. तरी श्रीधररावांना झोप येईना. डोळा लागतोय असं वाटलं की छातीकडे लक्ष जाई. आत्ता ठोका पडला, पुढचा पडेल ना? ते कान देऊन वाट पाहत आणि पहाटे दूधवाल्याची चाहूल लागली की कुठं डोळे मिटत. दिवसभर मग कावल्यासारखे वागत. चहा गार आहे, फॅन आवाज करतो, उत्कर्षा मीटिंगमध्ये फार हसते. जिन्यात चार पायऱ्या चढायला सांगितल्या तर बरगडीचं कारण पुढे करत.

उत्कर्षाच्या ऑफिसात कुणी बाईंनी आरोग्यावर ऑनलाइन व्याख्यान दिलं होतं. ते ऐकून ती एका संध्याकाळी त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, एक करून बघाल? झोपायच्या आधी दिवसातल्या चांगल्या गोष्टी आठवायच्या आणि मनातल्या मनात आभार मानायचे. ग्रॅटिट्यूड प्रॅक्टिस म्हणतात. झोप सुधारते, बीपीसुद्धा खाली येतं म्हणे."

"कृतज्ञतेचा सराव," श्रीधरराव म्हणाले. "तबल्याचा ऐकला होता. हा कुठल्या तालात असतो?"

उत्कर्षा हसली नाही. "तुम्ही घाबरलाय, बाबा. मला दिसतं ते," एवढंच म्हणून उठून गेली. श्रीधररावांना तिचा राग आला, कारण ते खरं होतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला आणि यंत्र बाजूला ठेवलं.

"स्टेंट उत्तम आहे, औषधं योग्य आहेत. मग हे एवढं वर का? तुम्ही सारखे कशावर चिडलेले असता?"

"बरगडीवर," श्रीधरराव म्हणाले. "ज्यानं कुणी मला आपटलं, त्याचं नाव मला हवंय."

डॉक्टरांनी उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षानं मान खाली घातली.

"यांना सांगितलं नाहीत?"

"घाबरतील म्हणून..." ती पुटपुटली.

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसल्या. "परचुरे, तुमचं हृदय मंडईतच थांबलं होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथं कुणीतरी तुमची छाती दाबत राहिलं. नीट, पुरेशा जोरानं, न थांबता. तेवढ्या जोरानं दाबलं की या वयात बरगडी मोडते. ज्यानं मोडली, त्याच्यामुळे तुम्ही आज इथं बसून त्याची तक्रार करताय."

श्रीधररावांचा हात आपोआप डाव्या बरगडीकडे गेला.

घरी येताना अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा श्रीधरराव बाहेर पाहत म्हणाले, "इतके दिवस मी शिव्या देत होतो."

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा."

"नव्हतं." रिक्षा पुढे सरकली तसे ते म्हणाले, "ते तुझं मनातल्या मनात आभार मानायचं प्रकरण मला पटत नाही. माल तयार करून गोदामातच ठेवायचा, याला काय अर्थ आहे? आभार पत्त्यावर पोचवायला हवेत. उद्या मंडईत जाऊ."

"डॉक्टर चालायला सांगतच होत्या," उत्कर्षा म्हणाली आणि तोंड फिरवून हसली.

दुसऱ्या दिवशी ते चालत निघाले. बंद दारांसमोर, पुस्तकांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसत, दम खात. मंडईच्या दगडी इमारतीजवळ आल्यावर श्रीधरराव थबकले. याच फरशीवर आपण पडलो होतो. उत्कर्षानं हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

वांग्यांच्या गाळ्यावर हिरव्या लुगड्यातली मुक्ताई बसली होती. गेली कित्येक वर्षं श्रीधरराव तिच्याकडून वांगी घेत होते आणि कित्येक वर्षं तिच्याशी हुज्जत घालत होते. त्यांना पाहून तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आवो, तुमी?" ती उठून उभी राहिली. "जित्ते हाय व्हय तुमी?"

"आहे," श्रीधरराव म्हणाले.

मुक्ताईनं दोन्ही हात डोक्याला लावले. शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाला हाक मारली, "आरं, ते वांग्यावालं बाबा हायेत. बग, उभं हायेत." मग रिकामं पोतं झटकून पसरलं आणि म्हणाली, "बसा आधी."

त्या दिवशीचं तिनं सांगितलं ते असं. श्रीधरराव पडले तशी माणसं गोळा झाली. कुणी म्हणे कांदा हुंगवा, कुणी म्हणे पाणी मारा, कुणी म्हणे हात लावू नका, नसती भानगड मागं लागेल. मोबाइल काढणारे होतेच. तेवढ्यात कोथिंबीर घ्यायला आलेली एक पोरगी पिशवी टाकून गर्दीत घुसली.

"एवढीशी पोर, बाबा. माझ्या नातीएवढी. तुमच्या गळ्याला बोट लावून बगितलं आन् एकदम तुमच्या छातीवर हात रोवलं. वर-खाली, वर-खाली, त्वांडानं मोठ्यानं आकडं मोजत व्हती. एकजन म्हनला, आगं म्हाताऱ्याची हाडं मोडशील. तर त्याला म्हनली, तुमी ॲम्ब्युलन्सला फोन लावा, माझ्याकडं बगू नका. घामानं निथळली पोर, पर थांबली न्हाई."

"आणि तुम्ही?" उत्कर्षानं विचारलं.

"मी काय करनार? गर्दी मागं सारली. ऊन येत व्हतं तर पोतं धरून हुबी ऱ्हायले."

श्रीधरराव पोत्याकडे पाहत राहिले. ज्या बाईच्या वांग्यांमध्ये आपण आठवड्यातून दोनदा खोट काढायचो, ती आपल्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पोतं धरून उभी होती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. 'आभारी आहे' हे वाक्य इथं, कोबीच्या पाल्यात, फार इस्त्रीचं वाटत होतं.

"मुक्ताबाई," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून मी आहे."

"ऱ्हाऊ द्या की," मुक्ताई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून तिनं चहावाल्याला खूण केली.

चहा पिता पिता तिनं आणखी सांगितलं. ती मुलगी नंतरही पुन्हा पुन्हा मंडईत आली होती. त्या आजोबांचं काय झालं, कळलं का, असं विचारायची. कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी नंबर देऊन गेली आणि मग यायची बंद झाली. मुक्ताईनं फोन उत्कर्षाच्या हातात दिला. त्यात 'आम्रपाली नर्स' असं नाव होतं.

श्रीधररावांनी तिथंच, भाजीच्या ढिगांमध्ये बसून फोन लावला.

"हॅलो, कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी श्रीधर परचुरे. आपली ओळख नाही. म्हणजे मला नाही, तुम्हाला असावी. मंडईत मी पडलो होतो."

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "आजोबा? तुम्ही स्वतः बोलताय?"

आम्रपाली विश्रांतवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. मूळची पुसदची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. रविवारी उत्कर्षानं गाडी काढली. मुलीला पाहून श्रीधरराव चकित झाले. मुक्ताईनं सांगितलं ते खरंच होतं. त्यांच्या खांद्यापर्यंतसुद्धा आली नसती. मनगटं तर मुळ्याच्या शेंगांसारखी. या हातांनी आपलं हृदय चालवलं?

तिनं त्यांना एकुलत्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि काही बोलायच्या आधी त्यांचं मनगट हातात घेतलं. घड्याळाकडे पाहत नाडी मोजली. मोजून झाल्यावरही हात सोडला नाही.

"मला वाटलं होतं तुम्ही गेलात," ती म्हणाली. "ॲम्ब्युलन्स तुम्हाला कुठं घेऊन गेली ते कळलंच नाही. पहिल्यांदाच करत होते मी. कॉलेजात पुतळ्यावर केलेलं, खऱ्या माणसावर कधीच नाही. आणि दाबताना हाताखाली काहीतरी मोडलं. तो आवाज, आजोबा... वाटायचं, माझ्यामुळेच झालं असेल. फुप्फुसात घुसली असेल बरगडी. झोपेत तोच आवाज यायचा. वॉर्डात इंजेक्शन देताना हात थरथरायला लागला. मॅडम रागावल्या. आईला म्हटलं, परीक्षा राहू दे, मी परत येते जी."

श्रीधररावांनी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस एकाच मोडलेल्या हाडानं दोन घरांतली झोप उडवली होती. ते नारायण पेठेत जागे होते, ही इथं विश्रांतवाडीत.

"आमच्या डॉक्टर काय म्हणाल्या ऐकतेस?" ते म्हणाले. "म्हणाल्या, नीट आणि पुरेशा जोरानं दाबलं म्हणून मोडली. मी आयुष्यभर लोकांच्या कामात चुका काढल्या, मुली. पगारच त्याचा मिळायचा. तुझं काम मी पुष्कळ दिवस तपासत होतो, श्वासागणिक. त्यात खोट नाही."

आम्रपालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

"आणि हे बघ," श्रीधरराव खाकरले. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं, पण निम्म्यावर सोडायचं नाही असं ठरवून ते आले होते. "आज सकाळी मी पोहे खाल्ले. मीठ जास्त झालं होतं. मी तसं हिला सांगितलं, ही रुसली. नंतर चेन्नईहून मुलाचा फोन आला, बराच वेळ बोललो. येताना बंडगार्डनच्या पुलावरून नदी पाहिली. पाणी घाणच आहे, पण वर बगळे होते. हे सगळं मला तुझ्यामुळे मिळालं. रोज मिळतंय. ते तुला ठाऊक असावं, म्हणून आलो."

उत्कर्षा खिडकीकडे तोंड करून उभी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून आपल्या सासऱ्यांनी एका दमात इतकं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं, आणि त्यात पोह्यांचा उल्लेख निघूनही तिला राग आला नाही.

त्या रात्री श्रीधररावांना शांत झोप लागली. सकाळी दूधवाला येऊन गेला तरी त्यांना कळलं नाही.

मग त्यांना आभार पोचवायचा नादच लागला. रोज संध्याकाळी फिरून आले की खुर्चीत बसत, आयुष्यात आपल्याला कुणी काय दिलं ते आठवत आणि त्यातल्या एकाला फोन लावत. मोघम काही बोलायचं नाही, नेमकं सांगायचं, हा त्यांचा नियम. अर्थात सगळीकडे ते सुरळीत पार पडलं नाही. कारखान्यातला त्यांचा जुना सहकारी नागोराव, हिंगोलीहून येऊन पुण्यात स्थिरावलेला. त्याला त्यांनी फोन केला.

"नागोराव, दत्ताची आई आजारी असताना मी दवाखान्यातच असायचो. तेव्हा आमच्या दत्ताला सायकल तू शिकवलीस. शिफ्ट संपवून यायचास. मी तुला कधी बोललो नाही. पोरगा त्या दिवसांत हसत होता तो तुझ्यामुळे."

"साहेब," नागोराव घाबरून म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे."

तासाभरात दाराची बेल वाजली. नागोराव, त्याची बायको यमुनाबाई आणि मोसंब्यांची पिशवी दारात उभी. साहेबांनी आभार मानले म्हणजे आता काही खरं नाही, असं समजून दोघं रिक्षा करून धावत आले होते. श्रीधरराव खुर्चीत बसून शेंगा सोलत असलेले पाहून यमुनाबाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की उत्कर्षाला स्वयंपाकघरात पळावं लागलं. मग ती मंडळी जेवूनच गेली, आणि श्रीधररावांना आपल्याच मुलाच्या लहानपणाच्या अशा गोष्टी ऐकायला मिळाल्या की ज्या त्यांना कधी ठाऊकच नव्हत्या.

पुढच्या तपासणीत रक्तदाब खाली आलेला होता. डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं. "छान. पण गोळ्या सोडायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "चालणं वाढलंय, झोप लागते, माणसं येतात-जातात, चिडचिड कमी झालीय. हृदयाला आणखी काय हवं असतं?"

आम्रपाली परीक्षेला बसली. आता ती सुटीच्या दिवशी नारायण पेठेत येई आणि तिच्या हाताला कंप नव्हता. तिच्याच डोक्यातून निघालं, की तुमच्या सोसायटीतल्या लोकांना मी छाती कशी दाबायची ते शिकवते. श्रीधररावांनी दारोदार जाऊन निरोप दिले. ज्या शेजाऱ्यांशी गाडीवरून भांडण होतं, त्यांच्याकडे आधी गेले. त्या रविवारी पार्किंगमध्ये सतरंज्या पडल्या, लोक घरून उशा घेऊन आले, आणि सत्तरीतले काका-काकू गुडघे टेकून उशांवर तळवे रोवायला लागले.

"कोपर वाकवू नका, काका. खांद्यातून जोर द्या," आम्रपाली रांगेतून फिरत सांगत होती.

"इतक्या जोरात?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. "मग परचुऱ्यांसारखी बरगडीची तक्रार येईल."

सगळे हसले. मुक्ताई गाळा शेजाऱ्यावर सोपवून खास आली होती. तिनं पदर खोचला आणि उशीवर असा दाब दिला की शिवण उसवून कापूस बाहेर आला. आम्रपालीनं टाळ्या वाजवल्या. मुक्ताई मात्र हसली नाही. हात झटकत म्हणाली, "पोरी, हे आमच्या मंडईत पायजे. तिथं दिसभर म्हातारीकोतारी येत्यात. आमचे हमाल हायेत, ताकद हाय त्यांच्यात. त्यांना शिकीव."

"शिकवते की, आजी. कधी येऊ?"

"दुपारच्याला. गिऱ्हाईक कमी असतंय तवा."

ठरल्याप्रमाणे ते गेले. उशांची दोन गाठोडी उत्कर्षानं स्कूटरवरून नेली. मंडईच्या मधल्या मोकळ्या जागेत पोती अंथरली गेली. हमाल आधी लाजून मागं मागं सरकत होते. मुक्ताईनं एकेकाला दंड धरून पुढे आणलं. श्रीधरराव एका खांबाला टेकून उभे होते. वर उंच छतापर्यंत कबुतरं उडत होती, खाली कांद्या-बटाट्याचा वास होता, आणि त्या सगळ्यामध्ये ती लहानखुरी मुलगी धिप्पाड माणसांच्या घोळक्यात गुडघ्यांवर बसून खणखणीत आवाजात आकडे मोजत होती. एकेक हमाल तिच्या आवाजात आवाज मिसळायला लागला. मग गाळ्यांवरच्या बायका मोजायला लागल्या. श्रीधररावांनी कान देऊन ऐकलं, आणि थोड्या वेळानं तेही त्यांच्याबरोबर मोजू लागले.